कोथिंबिरीची द्वादशी

कोथिंबीर ही मुळात विकत घ्यायची वस्तूच नव्हे. मेथी, पालक, गवार घेऊन झाली, पैसे देऊन झाले, की पिशवीचं तोंड उघडं धरून "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका की" असं म्हणायचं, हा आपल्या मंडईतला शिरस्ता. पावसाळ्यात जुडीचा भाव चढला की मावशींना नेमकं तेवढंच वाक्य ऐकू येत नाही, ही गोष्ट निराळी. पण हीच वरची, फुकटातली कोथिंबीर घरच्या कुंडीत उगवली, की तिच्याइतकी मौल्यवान चीज त्रिभुवनात नाही.

आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर बाल्कनीत बाग केली. उभी हयात सरकारी लेखा विभागात गेलेली, त्यामुळे तिथलं एकही पान मागणी आणि कारण नोंदवल्याशिवाय हलत नाही. तेल तापलंय, मोहरी तडतडतेय आणि मी पळी हातात घेऊन बाल्कनीच्या दारात उभी.

"अहो, कढीपत्ता घेते."

"किती?"

"एक डहाळी."

"अख्खी? कशासाठी?"

"आमटीला."

"आमटीला चार पानं पुरतात. खालची जून घे. शेंड्याला हात लावू नकोस."

मंजुरी मिळेपर्यंत मोहरी करपलेली असते. बरं, एवढ्या वाटाघाटी करून आणलेली ती चार पानं पुढे काय होतात? ताटाच्या कडेला काढून ठेवली जातात. ठेवणारेही हेच.

कोथिंबिरीचा मामला त्याहून नाजूक. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून पेरण्याआधी धने रगडून त्यांच्या फाळी करायच्या असतात. गावाकडे हे काम चपलेनं उरकतात. आमच्याकडे ते माझ्या पोळीच्या लाटण्यानं झालं. आठ-दहा दिवसांनी मातीतून हिरवी दुपाती डोकी वर आली, तेव्हा ह्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला. मग रोज पाहणी. कुंडी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. पोह्यांवर चिमूटभर भुरभुरायला मागितली, तर उत्तर यायचं, "लहान आहे अजून." चार दिवसांनी म्हणे, "आत्ता कुठे अंग धरतेय." द्वादशीला तुळस तोडत नाहीत, आमच्याकडे कोथिंबिरीला रोजच द्वादशी.

तेवढ्यात मार्च उजाडला. ऊन तापलं की कोथिंबीर पानांचा नाद सोडते आणि फुलोऱ्यावर येते. दांडा सरसर वर गेला, रुंद पानं जाऊन शेपूसारखी बारीक, चिरफाळलेली पानं आली, वर पांढरी फुलं डोलू लागली आणि शेवटी धने धरले. ह्यांनी ते वाळवून, पाखडून बाटलीत भरले. म्हणजे आमच्याकडे धने पेरले आणि धने उगवले. मधल्या काळात कोथिंबीर होऊन गेली, असं म्हणतात.

या कडक राज्यात मंजुरीविना चरायची मुभा फक्त एका प्राण्याला आहे. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे लिंबावरचं फुलपाखरू येऊन त्यावरही अंडी घालतं. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे खाणाऱ्यानं तोंड फिरवावं. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून केशरी, दुफाटी शिंगं बाहेर काढून घाण वास सोडते. मला वाटलं, आता हे निमतेलाची बाटली काढणार. छे! ह्यांनी पुस्तकं काढली. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आहे. आमची अळी तिची नव्हे, पण त्याच गोतावळ्यातली, हे कळल्यावर हे सावधच झाले. शासनाच्या नातेवाइकांना दुखवायची सवय नाही. अळीनं दोन फांद्या बोडक्या केल्या आणि मी त्या आठवड्यात बिनकढीपत्त्याची कढी केली.

पण याच माणसाला पुदिन्याच्या कुंडीशी नेऊन उभं करा, की त्याचा कर्ण होतो. मंडईतल्या जुडीच्या काड्या पाण्यात ठेवल्या, मुळं फुटली, मातीत खोचल्या. त्यानंतर पुदिन्यानं कोणाचं ऐकलेलं नाही. त्याचे धुमारे मातीखालून पसरतात आणि भलत्याच कुंडीत डोकं काढतात. गवती चहाचंही तेच. बुंध्याशी नवी पाती फुटतच असतात, आणि पात ओढताना तिची धार बोट कापते ती वेगळीच. चटणी झाली, ताकात झाला, पुलावात झाला, तरी पुदिना उरतोच. मग हे तो वाटत सुटतात. लिफ्टमध्ये ह्यांच्या हातात पिशवी दिसली की लोक "या तुम्ही, आम्ही जिन्यानं येतो, व्यायाम होतो" म्हणतात.

पानओवा तर मोडलेली काडी पडेल तिथे रुजतो. मसाल्याचा ओवा हा कोथिंबिरीच्या कुळातला, हा तुळशीच्या. वास तेवढा सारखा. त्याचं जाड, लवदार पान बेसनात बुडवून तेलात सोडलं की टम्म फुगतं; वरून कुरकुरीत, आत रसरशीत. डॉक्टरांनी ह्यांना तळलेलं बंद सांगितलंय. पण ही भजी नव्हेत, पोटाचं औषध आहे, आणि औषध किती घ्यायचं हे रोगी ठरवतो, असा नवा नियम निघाला आहे.

जूनमध्ये आम्ही महिनाभर मुलीकडे गेलो. बाग शेजारणीच्या स्वाधीन केली, सोबत दोन पानी सूचना. त्यात 'कढीपत्ता तोडू नये' याखाली लाल रेघ. परतलो तर झाड ओळखू येईना. एकच दांडा होता, तिथे चार-चार फुटवे, पानं काळीभोर हिरवी. हे चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

शेजारणीनं मला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "वहिनी, रागावू नका हं. आम्ही शेंड्यांपासून खुडला. दोनदा चटणी केली, पाहुणे आले तेव्हा एकदा भरपूर घालून सांबारही केलं." शेंडा खुडला की झाडाला बाजूनं फुटवे येतात, हे त्या माउलीला माहीत होतं की नाही देव जाणे. चटणीची वाटी मात्र तिनं माझ्यासाठीही ठेवली होती.

बाहेर बाल्कनीतून आवाज आला, "बघितलंस? महिनाभर कुणी हात लावला नाही, तर कसं दाट झालंय!"

मी मान डोलावली. शेजारणीला सांगून ठेवलंय, हे रोज सकाळी साडेसहाला फिरायला जातात, साडेसातला येतात. कात्री आणायची गरज नाही, दाराशीच टांगलेली आहे.