श्री. ओटीपी यांस, मुक्काम दुसऱ्याचा मोबाइल



नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरवणाऱ्यांना आपली, म्हणजे मोबाइलवर अवतरून दहा मिनिटांत गतप्राण होणाऱ्या परवलीच्या आकड्यांची, कल्पना नव्हती. त्यामुळे त्यांनी छापील पुस्तके आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे यांवर भिस्त ठेवली, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट काढली आणि राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वैनगंगेकाठच्या पवनीत, पुस्तकांचा गठ्ठा पोहोचला की शिक्षण सुरू झाले असे मानण्याचा भाबडेपणा केला. त्या भाबडेपणातून विद्यार्थ्यांची सुटका केल्याबद्दल आपले जाहीर अभिनंदन करणे हे प्रस्तुत पत्राचे प्रयोजन होय.

आपला पराक्रम थोडका नाही. २०२४-२५ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी डेब-आयडी, अर्थात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडील विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक, आवश्यक झाला. तो काढण्यास श्रेयांक साठवणाऱ्या अकॅडमिक बँकेचा क्रमांक लागतो, त्यासाठी डिजिलॉकर लागते, डिजिलॉकरला आधार लागते आणि आधारच्या दारात आपण उभे असता. बोगस प्रवेशांना आळा घालण्याचा हेतू निर्दोष आहे. मात्र प्रवेशाचे दिवस आणि धानाच्या रोवणीचे दिवस एकच असतात, हे त्या हेतूस कोणी कळवलेले दिसत नाही.

यंदा अशाच एका दिवशी एक विद्यार्थिनी पवनीतील ऑनलाइनच्या दुकानात बसली होती आणि आधारला जोडलेला घरातील एकुलता एक मोबाइल बापाच्या खिशात, बांधीत होता. दुकानदाराने फोन लावला, बापाने चिखलाचा हात धोतराला पुसून उन्हात न दिसणाऱ्या पडद्यावरचे आकडे एकेक करून वाचले, त्यांतील एक चुकला, नवे आकडे मागवले, तोवर टॉवर गेला आणि मग संकेतस्थळाने काही वेळाने पुन्हा प्रयत्न करण्याचा सल्ला दिला. अखेर दुकानदाराने पुढचा फॉर्म भरताना सोयीसाठी स्वतःचाच क्रमांक टाकला. आता पुढील वर्षी, दुकान बदलले वा दुकानदार गेला, तर आपल्याच प्रवेशखात्यात शिरण्यासाठी त्या मुलीने कोणाचा खिसा शोधावा?

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका आणि सरकार अहोरात्र बजावतात, आणि तो काउंटरवर सर्वांसमक्ष मोठ्याने सांगितल्यावाचून गरिबाच्या मुलीला बी.ए.ला बसता येत नाही. याला सुरक्षा म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. घरातला फोन बापाचा किंवा नवऱ्याचा असतो हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसेल, तर त्यांनी एक दिवस त्या दुकानात बसावे. ठाऊक असेल, तर मुलीने शिकण्याआधी घरच्या पुरुषाची परवानगी घ्यावी असा नियमच सरळ छापावा.

शेकडो पानांची पीडीएफ पाच इंची पडद्यावर वाचायला लावणे आणि स्वाध्यायांचे अंधुक फोटो चढवायला लावणे, हे अपराध आपले नाहीत, म्हणून ते येथे सोडून दिले आहेत.

खरे तर आपलीही कीव येते. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात उघड झालेल्या स्तूपाच्या शिळांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत व ती दोन हजार वर्षांनीही वाचता येतात; त्याच गावात आपण एकीसाठी निघता, दुसऱ्याच्या खिशात पोहोचता आणि बहुधा कोणी न वाचताच मरता. निरोप्याला दोष देऊन काय उपयोग?

तेव्हा आपल्या धन्यांना एवढेच कळवावे की अभ्यासकेंद्राच्या संयोजकासमोर विद्यार्थिनी कागदपत्रांसह प्रत्यक्ष उभी असेल, तर तिची ओळख पटवण्याचा अधिकार त्या संयोजकास द्यावा आणि त्या दिवशी आपणांस रजा मिळावी. या पत्राची पोच मात्र टपालाने द्यावी, कारण नोंदवलेला मोबाइल क्रमांक दुकानदाराचा आहे.

कळावे.