बाराशे पावलं बाकी

रात्रीचे अकरा चाळीस. खालच्या मजल्यावरचं कुटुंब छताकडे डोळे लावून पडलंय. वरून धप-धप-धप आवाज येतो, क्षणभर थांबतो, वळतो आणि पुन्हा धप-धप-धप. भांडण नाही, चोर नाही. वरचे साहेब दहा हजार पावलं पूर्ण करताहेत. मनगटावरच्या घड्याळानं गुदगुली करून कळवलंय की बाराशे बाकी आहेत, आणि तारीख बदलायला वीसच मिनिटं उरली आहेत.

टू बीएचकेत बाराशे पावलं बसवायची म्हणजे नियोजन लागतं. सोफ्यापासून निघायचं, डायनिंग टेबलाला उजवी घालून पॅसेजमध्ये शिरायचं, बेडरूमच्या दाराला हात लावायचा, आतून "अहो, झोपा आता" ऐकायचं आणि उलट फिरायचं. फेरीला बावीस पावलं, म्हणजे पंचावन्न फेऱ्या. टेबलावर मधोमध लोणच्याची बरणी असते. औदुंबराला मिळत नसतील इतक्या प्रदक्षिणा रोज तिच्या वाट्याला येतात. अकरा अठ्ठावन्नला घड्याळाच्या काचेवर रंगीत फटाके फुटतात. साहेब घामेजल्या बोटांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, खाली एकच शब्द : 'डन'. मिनिटभरात अकरा अंगठे येतात. म्हणजे तेही जागेच होते, आपापल्या बरणीभोवती.

वजनाचं मात्र कुणी विचारू नये. जानेवारीत ब्याण्णव होतं, आता श्रावण आला, एक्क्याण्णव आहे. तेही सकाळी उठल्या उठल्या, पाणीसुद्धा न पिता, चष्मा काढून ठेवून.

दहा हजार हा आकडा कुणा मोठ्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं अभ्यास करून काढला असेल, असा सगळ्यांचा भाबडा समज. तो काढला दुकानदारानं. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानी माणसाला व्यायामाची हवा लागली, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. आकडा गोल, भरगच्च, डब्यावर छापायला देखणा. 'सात हजार तीनशे पावलांचा मीटर' कोण विकत घेईल? साठ वर्षं लोटली, यंत्र कमरेवरून मनगटावर आलं, पण डब्यावरचा आकडा जागचा हलला नाही. जगातला हा बहुधा एकमेव सेल असेल जो अजून संपलेला नाही.

हा आकडा तपासणारा शास्त्रज्ञांचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क बायकांच्या कमरेला यंत्रं बांधून त्यांची पावलं मोजली गेली. सरासरी वय ७२. दिवसाला जेमतेम २,७०० पावलं चालणाऱ्या आज्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. पुढे फायदा वाढत गेला आणि साडेसात हजारांच्या आसपास थांबला. हा हिशेब आज्यांच्या आयुष्याचा आहे, वजनाचा नव्हे, हे कबूल. तरी त्या न्यायानं पाहिलं तर साहेबांच्या शेवटच्या पंचावन्न फेऱ्या निव्वळ खालच्या मजल्यासाठी होत्या.

वजनाचा हिशेब तर आणखी रुक्ष. दहा हजार पावलं म्हणजे साधारण सात किलोमीटर. मध्यम बांध्याच्या माणसाच्या त्यात तीनशे ते चारशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७,७०० लागतात. म्हणजे तीनेक आठवडे रोज चालावं आणि घासभरही जास्त खाऊ नये, तेव्हा कुठे एक किलो. रविवारी सकाळी टेकडी चढून आलेली मंडळी खाली उतरल्यावर कुठे जातात हे सांगायची गरज नाही. तर्रीवाली मिसळ, जादा पाव, वर ताक. "आज बारा हजार झालीत, चालतंय." घड्याळानं दिलेलं बक्षीस जीभ तिथल्या तिथे वटवते. बिल देतानाही कुणीतरी मनगट पाहतं, काउंटरपर्यंतची पावलं धरली का म्हणून.

आणि जे खरोखर काटेकोर असतात, त्यांनाही हे यंत्र आडवंच येतं की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४७१ तरुण, कालावधी दोन वर्षं. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार, सारखाच व्यायाम, सारखंच समुपदेशन. मग साधारण निम्म्यांच्या दंडावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, बाकीचे स्वतःच्या हातानं नोंदी ठेवत राहिले. दोन वर्षांनी बिनयंत्राच्या मंडळींचं वजन सरासरी ५.९ किलोनं उतरलेलं होतं. यंत्रवाल्यांचं ३.५ किलोनं. हे वाचून कुणी घड्याळ काढून कपाटात ठेवल्याचं ऐकिवात नाही. कारण सरळ आहे. सहा-आठ महिन्यांनी वजनाचा काटा अडतो, हलकं झालेलं शरीर तेवढ्याच चालण्यात कमी जाळू लागतं, भूक मात्र वाढलेली असते. त्या कंटाळवाण्या, रोजच्या, भाकरी मोजून खायच्या दिवसांसाठी कुठल्याच घड्याळात फटाके नाहीत. फटाके फक्त पावलांना आहेत. मग माणूस फटाके फुटतील तेच करतो.

'मोटिव्हेशन' म्हणतात ते हेच. घड्याळ दिवसभर पाठीवर थाप मारत असतं. तासाभरात हालला नाहीत तर उभं राहायला सांगतं, उभे राहिलात की शाबासकी देतं. एका गृहस्थांना ती शाबासकी स्मशानात मिळाली. मित्राच्या चितेसमोर सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे होते, आणि मनगटानं थरथरून कळवलं, 'उत्तम! आजचं उभं राहण्याचं उद्दिष्ट पूर्ण.' गृहस्थांनी डोळे मिटले. ते दुःखानं मिटले असा शेजारच्यांचा समज झाला.

सगळ्यात मोठी दहशत साखळीची. सलग एकशे चाळीस दिवस दहा हजार झालेत, आज तुटली तर? डेंग्यूचा ताप १०२वर, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, आणि रुग्ण गॅलरीत कठडा धरून येरझाऱ्या घालतोय. घरचे ओरडतात. तो म्हणतो, "साखळी तुटेल." ताप उतरतो, साखळी राहते, गुडघा जातो.

आता ज्या दोषावर ही सगळी इमारत उभी आहे तो पाहू. घड्याळ पाय बघतच नाही, हात बघतं. आतला चिमुकला सेन्सर मनगटाचे झोके मोजतो आणि त्यांना पावलं समजतो. त्यामुळे सोफ्यावर बसून मालिका बघता बघता डावा हात पंख्यासारखा हलवणारे काका दोन भागांत दीड हजार पावलं कमावतात. त्याच वेळी काकू मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येत असतात. एकीत बटाटे, दुसरीत मेथी आणि नारळ. पिशव्यांच्या वजनानं हात सरळ खाली ताणलेले, झोका शून्य. दीड किलोमीटर चालून, दोन मजले चढून त्या दारात येतात तेव्हा त्यांच्या घड्याळात जेमतेम दोनशे पडलेली असतात. नातवाची बाबागाडी ढकलणाऱ्या आजोबांचंही तेच. मॉलमध्ये ट्रॉली ढकलणाऱ्यांचंही तेच. ओझं वाहणाऱ्याची पावलं धरायची नाहीत, हा नियम घड्याळानं नवीन आणलेला नाही, पण पाळतं मात्र इमानेइतबारे.

सोसायटीत धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी सकाळी साडेसहाला स्टेशनवरून चालत निघतात. पाच घरं, त्यातली दोन बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी पुन्हा स्टेशनपर्यंत चालत. त्यांच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत, त्या काहीच मोजत नाहीत. साहेबांच्या घरची लादी पुसताना त्या ओट्यापासून गॅलरीपर्यंत किती वेळा सरकतात, हे कुणी ग्रुपवर टाकत नाही. 'ताई, तुमचं मोटिव्हेशन काय?' असंही त्यांना कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पगाराचा आकडा सांगितला असता आणि विषय भलतीकडे गेला असता.

चिनी माणसानं मात्र घड्याळाची नस अचूक ओळखली. तिथे फोन लटकवून झुलवणारे छोटे विजेवरचे पाळणे विकले जाऊ लागले. फोन त्यात ठेवायचा, बटण दाबायचं, पाळणा हलू लागतो आणि पावलं पडू लागतात. आपण निवांत झोपायचं. आपल्याकडे अजून एवढी प्रगती झालेली नाही, इथे माणसानंच पाळण्यासारखं हलावं लागतं. पण दिवस दूर नाहीत. फोनचं बारसं होईल, बायका पाळणा म्हणतील, घुगऱ्या वाटल्या जातील, आणि बाळ एका रात्रीत दहा हजार पावलं चालेल.

हसून झालं असेल तर एक साधी गोष्ट बोलू. माणसं टेबलाभोवती का फिरतात? ती वेडी आहेत म्हणून नव्हे. बाहेर चालायला जागा नाही म्हणून. घराबाहेर पडा आणि फुटपाथवर शंभर पावलं सरळ टाकून दाखवा. पहिल्या दहा पावलांवर पेव्हर ब्लॉक, त्यातला नेमका सैल ब्लॉक पायाखाली आला की चिखलाची पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत. मग विजेचा डीपी, दार उघडं, आत उंदीर. मग दुकानाची पायरी, जी दरवर्षी वीतभर पुढे सरकते. मग स्टँडवर चढवलेल्या तीन दुचाकी, मग कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, बांबूसकट. मग गाड्या आत घ्यायला फुटपाथ फोडून केलेला उतार, मग पुन्हा गुडघाभर चढ, आणि मग फुटपाथ संपतोच, समोर उघडं गटार. देशातल्या रस्तेबांधणीच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की वस्तीतल्या फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सांगितलं म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात आजीला चढवायला एकानं वरून हात धरावा लागतो आणि एकानं खालून आधार द्यावा लागतो. म्हणून आजी रस्त्यावरून चालते. रस्त्यावर कोण कोण असतं? रॉंग साइडनं येणारा पार्सलवाला, फोनवर बोलत वळणारी मोटार, हॉर्न म्हणजे ब्रेकच समजणारी बस. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत ३२ हजारांहून जास्त पादचारी मेले. चालताना मेले. त्यातल्या कुणाचं उद्दिष्ट दूध आणणं होतं, कुणाचं शाळा होतं, कुणाचं दहा हजार होतं. आणि त्याच रस्त्याच्या कडेला, तो फुटपाथ अडवून, भला मोठा फलक उभा असतो : 'रोज चाला, निरोगी राहा.' अहो, फलक बाजूला घ्या, चालतो!

जिममध्ये चालावं तर वर्षाचे पैसे आगाऊ. बागेत चालावं तर ती नऊला बंद, आणि ट्रॅकवर चार मैत्रिणी हातात हात घालून रुंदीभर. मैदानावर चालावं तर तिथे लग्नाचा मांडव. अशा वेळी गरीब बिचारी लोणच्याची बरणीच काय ती उरते. तिच्याभोवती अतिक्रमण नाही.

तर सोसायटीनं पावलांचं शंभर दिवसांचं आव्हान ठेवलं होतं, ते स्वातंत्र्यदिनी संपलं. झेंडावंदनानंतर निकाल जाहीर झाला. पहिला नंबर दुसऱ्या मजल्यावरच्या एका सदस्याचा, रोज सरासरी १९,०००. पैकी ऑगस्ट महिन्यातली पावलं रात्रपाळीच्या वॉचमननं टाकली होती, हे नंतर कॅमेऱ्यात निघालं. सदस्य घड्याळ त्याच्या मनगटात घालून झोपायला जात आणि पहाटे परत घेत. वॉचमन इमानानं रात्रभर फेऱ्या मारत होता, तसाही मारतोच. मग प्रश्न आला, बक्षीस वॉचमनला द्यायचं का? कमिटीनं नियमावली काढली. तो सभासद नाही, सबब अपात्र. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाला गेलं : दोघांसाठी बुफे, गोड पदार्थ अमर्याद.

पुढच्याच सोमवारी सकाळी नोटीस लागली, लिफ्ट दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद. त्या ग्रुपवर शंभर दिवसांत आले नसतील इतके मेसेज तासाभरात आले. चढून जायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? आधी कळवायला नको? मेंटेनन्स कशाचा घेता? तिसऱ्या मजल्यावरच्यांनी, रोज १४,००० वाल्यांनी, गुडघ्याचं सर्टिफिकेट ग्रुपवर टाकलं. एकानं विचारलं की एक पायरी म्हणजे किती पावलं धरतात. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, स्पर्धा संपली आहे.

त्यावर पायऱ्यांचं विचारणाऱ्यानं बाहेरूनच जेवण मागवलं आणि डिलिव्हरीवाल्याला लिहिलं, 'लिफ्ट बंद आहे, पाचव्या मजल्यावर आणून द्या.'