मत्स्यवंचनमीमांसा

मासा गळाला लागतो तो भुकेपोटी, असा एक भोळा समज आहे. गरवायला बसणारे बहुतेक जण तो बाळगून असतात, आणि म्हणूनच संध्याकाळी त्यांच्या डब्यात आमिष तेवढे शिल्लक असते. प्रस्तुत प्रबंधाचा सिद्धांत असा की, मासा भुकेने नव्हे, भ्रमाने धरला जातो. प्रमाण म्हणून आम्ही मालदीव हा देश घेतला आहे. सुमारे १,२०० बेटे, त्यांतली वस्तीची जेमतेम दोनशे, जमीन चवीपुरती आणि बाकी सगळा समुद्र. भ्रमाच्या अभ्यासाला एवढी ऐसपैस जागा अन्यत्र मिळणे कठीण.

शिंपल्याच्या जागी चांदी दिसणे हा वेदान्त्यांचा लाडका दृष्टान्त. तो समुद्रकाठी सुचला असावा हे उघड आहे, पण भाष्यकार पाण्यात उतरले नाहीत. ते राहिलेले काम मालदीवच्या कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, तेही भाष्य न लिहिता.

त्यांची रीत अशी. आधी प्रवाळाच्या खडकाजवळ बोटाएवढी चंदेरी मासळी जाळ्याने जिवंत धरायची आणि धोनी नावाच्या नौकेच्या पोटात पाणी भरून त्यात जिवंतच ठेवायची. पूर्वी यासाठी नौकेच्या तळाला भोके ठेवून समुद्राचे ताजे पाणी आत खेळवत. (तळाला मुद्दाम भोके ठेवूनही नौका तरंगती ठेवणे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.) मग पक्ष्यांचा थवा कुठे पाण्यावर झडप घालतो आहे ते बघायचे. तिथे खाली कुपा, म्हणजे टूना असतो. थवा गाठला की एक जण मुठीमुठीने जिवंत मासळी पाण्यात फेकतो आणि त्याच वेळी नौकेच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे उडू लागतात. हे शिंपणे पूर्वी हाताने चाले, आता पंप आहेत. पृष्ठभागावर थेंबांची जी तडतड उडते ती खालून बघणाऱ्या कुप्याला मासळीची झुंड वाटते. तो पिसाळतो. आणि या गर्दीत जे गळ सोडलेले असतात, त्यांना आमिष मुळी लावलेलेच नसते. नुसते चकाकणारे धातूचे आकडे!

येथे अद्वैत्यांच्या तिन्ही सत्ता एका जागी हजर होतात. मुठीतली जिवंत मासळी ही पारमार्थिक सत्ता, पाण्याचे थेंब ही व्यावहारिक आणि कोरडा गळ ही प्रातिभासिक. माणसाला खोट्याकडून खऱ्याकडे जायला जन्म पुरत नाहीत; कुपा खऱ्याकडून खोट्याकडे काही सेकंदांत पोचतो. मोक्षाचीही सोय आहे. या गळाला उलटा काटा नसतो. मागच्या फळीवर ओळीने उभे असलेले कोळी काठीला हिसका देतात, मासा डोक्यावरून उडत मागे येतो, दोरी सैल पडते आणि तो आपोआप सुटून डेकवर आपटतो. हात लावावा लागत नाही. गळ परत पाण्यात.

पूर्वपक्षी (तो बहुधा मालवणचा असतो) विचारेल, एवढा खटाटोप कशाला, जाळे टाका की! उत्तर असे की मालदीवमध्ये टूनासाठी जाळे टाकायला बंदी आहे. शिवाय जाळ्यात नुसती कोंडी आहे, वंचना नाही; ते या शास्त्राच्या कक्षेबाहेर. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलने २०१२ मध्ये मालदीवच्या या काठी-दोरीच्या कुप्याला शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र दिले. प्रत्येक माशाला स्वतंत्रपणे, जातीने लक्ष घालून फसवल्याचा हा गौरव आहे, असे आम्ही समजतो.

याच देशात पूर्वी नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात तरंगत ठेवीत. त्यांना कवड्या येऊन चिकटत. त्या उन्हात वाळवीत, जहाजाने बंगालला धाडीत आणि बदल्यात तांदूळ आणीत. झावळीने चलन गरवणारा दुसरा देश आम्हाला ठाऊक नाही. अर्थशास्त्र्यांनी याची दखल घ्यावी.

आता हौशी पंथ. मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट १९७२ साली उघडले आणि वंचनेने दिशा बदलली. सूर्य मावळताना नौका पाहुण्यांना घेऊन खडकाच्या कडेला नांगर टाकते. काठी नाही, रीळ नाही. प्लास्टिकच्या कड्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे, गळ आणि गळाला कुप्याचाच तुकडा. म्हणजे सकाळी जो फसला तोच संध्याकाळी फसवायला सज्ज. शिसे तळाला टेकले की तंगूस ढिला पडतो. तो हातभर वर घ्यायचा, तर्जनीवर ठेवायचा आणि झटक्याची वाट बघायची. पाहुण्याला पहिला जो दणदणीत झटका बसतो तो बहुधा प्रवाळाच्या खडकाचा असतो. खलाशी मान वर न करता गळ सोडवून देतो आणि स्वतः तेवढ्या वेळात तांबोशीच्या जातीचा एक मासा वर काढतो. मग तो मासा पाहुण्याच्या हातात येतो. पाहुणा दोन्ही हात ताठ पुढे करून त्याला कॅमेऱ्याच्या नाकाशी नेतो, कारण मासा जितका पुढे तितका मोठा.

दोन्ही पंथांतला खरा भेद इथेच आहे. कोळी माशाला फसवतो, हौशी नातेवाइकांना. हौशी माणसाचा सर्वांत मोठा मासा नेहमी सुटलेला असतो, आणि पुण्याला पोचेपर्यंत त्याची लांबी विमानाच्या वेगाने वाढते. धोनीवरचा कोळी मात्र सुटलेल्या माशाबद्दल कधी हळहळत नाही. त्याच्या गळातून प्रत्येक मासा सुटतोच, फक्त डेकवर.

हा सिद्धांत ज्यांना मान्य नसेल त्यांनी आपला सुटलेला मासा पुराव्यादाखल घेऊन यावे. सोबत मोजपट्टी आणू नये, ती आम्ही देऊ.