अण्णांकडे पापाची उधारी चालते

कुंभकोणमच्या प्रत्येक मराठी घरात एक अण्णा असतात. या मंडळींना गावातले लोक ‘रायर’ म्हणतात. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले असतात, कपाळाला अंगार-अक्षता असते आणि त्यांची मराठी सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर कावेरीकाठी उतरलेली असते. उतरली ती उतरलीच, पुन्हा सह्याद्रीकडे फिरकली नाही. १८५५ साली इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं, पण अण्णांचा एक अधिकार त्यांच्या नजरेतून सुटला. घरातल्या खेळात पंच होण्याचा.

हा अधिकार मुख्यतः वैकुंठ एकादशीच्या रात्री गाजवला जातो. धनुर्मासातली ती रात्र जागून काढायची म्हणून तमिळनाडूत घरोघर परमपद सोपान पट मांडतात. आपल्या मोक्षपटाचा हा भाऊ. आपण तो परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर टाकून मोकळे झालो आहोत. सत्कर्माची शिडी, पापाचा साप, शेवटी वैकुंठ. पितळेचे दायकट्टै खळखळवायचे. ‘दायम्’, म्हणजे एक, पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर पडत नाही. इतर घरांत साप लागला की माणूस मुकाट्याने खाली येतो. अण्णांकडे आधी आरोपपत्र वाचलं जातं. ‘‘परवा पेपरवाल्या पोराला सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवलंस. खिशात होते. उतर खाली.’’ उपाशीपोटी हे ऐकून घ्यावं लागतं. डिग्री कॉफीचा टंबलर पुढे सरकवला तर एखादा साप माफ होतो. मात्र ती लाचही अण्णा वहीत टिपून ठेवतात आणि पुढच्या सापाला मोठ्याने वाचून दाखवतात.

अशा माणसापुढे बंगळूरच्या भाच्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणून ठेवलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांचा हा १९७४ सालचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. एकजण गेम मास्टर होतो. म्हणजे राजा, राक्षस, आचारी, पाऊस, सगळं तोच. पात्र काय करतं ते खेळणारा सांगतो, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो, आणि त्याचं पुढे काय झालं ते मास्टर. भाच्याचा बेत अण्णांना एखादा म्हातारा मांत्रिक द्यायचा होता. अण्णांनी नियम ऐकले आणि ते सरळ मास्टरच्या पाटावर जाऊन बसले.

‘‘हे दिवाणाचं काम आहे,’’ ते म्हणाले. कुंभकोणमात हा शब्द हलका नाही. सर टी. माधवराव इथेच १८२८ साली जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे, तिन्हीकडचे दिवाण. मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गादीवरून उतरवल्यावर बडोद्याचा विस्कटलेला कारभार निस्तरायला यांनाच आणलं. पात्रांनी घोळ घालायचा आणि दिवाणाने जमाखर्च लावायचा, ही अण्णांची गेम मास्टरची व्याख्या. नियमांच्या जाडजूड पुस्तकातल्यापेक्षा मला ती बरी वाटते.

घोळ पहिल्याच बैठकीत झाला. खेळात खानावळ होती, तिचं अण्णांनी छत्रम् केलं. तंजावरच्या मराठा राजांनी वाटसरूंसाठी अशी अन्नछत्रं बांधली होती. सरफोजीराजांच्या वेळचं ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्रम् त्यातलं नावाजलेलं. तसल्या एका छत्रात चार वीर दाखल झाले. कारभारी म्हणाला, पंगत उठेपर्यंत थांबा. चेन्नईच्या भाच्याच्या योद्ध्याने तलवार उपसली आणि त्याला जागच्या जागी आडवा केला. जिथे जेवण फुकट, तिथे जेवणासाठी खून! पोरं खिदळली. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

‘‘नाव काय?’’

‘‘माझ्या पात्राचं?’’

‘‘मेला त्याचं.’’

ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग अण्णांनी मेलेल्याला नाव दिलं, गोत्र दिलं, दोन उपवर मुली दिल्या आणि सावकाराकडे गहाण पडलेला मळा दिला. भाच्याने हत्यार काढलं, ‘‘अण्णा, माझ्या पात्राचा स्वभावच तसा आहे.’’ जगभरचे खेळाडू या वाक्यामागे लपतात. अण्णांनी मान डोलावली. ‘‘असू दे की. या गावाचाही एक स्वभाव आहे.’’

बंगळूरकराने लगेच पुस्तक उघडलं. त्यात स्वभावाच्या नऊ जाती दिल्या आहेत, कायदा पाळणारा सज्जन इथपासून बेबंद दुष्टापर्यंत. ‘‘नऊ का?’’ अण्णा म्हणाले, ‘‘ग्रहही आमच्या आसपास नऊच आहेत, नऊ देवळांत.’’ यातला ‘बेबंद पण तटस्थ’ म्हणजे काय ते त्यांनी समजून घेतलं आणि थोरल्या आत्याच्या यजमानांचं नाव घेतलं. कोणाचाही आक्षेप आला नाही. १९७९ च्या पुस्तकाप्रमाणे स्वभाव पालटला की पात्र एक पायरी खाली घसरे. आणि पॅलाडिन नावाच्या धर्मवीराने त्याच्या वर्षभर आधीच्या पुस्तकाप्रमाणे जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याचं वीरपद कायमचं जाई. अण्णांना हे पटलं नाही. ‘‘हा दंड झाला. दंड भरला की माणूस मोकळा, पावती खिशात घालून पुन्हा करायला तयार.’’ आकाशातून वीज पाडून हिशेब मिटवणारे मास्टर आळशी असतात, हे माझंही मत आहे.

अण्णांनी वीज पाडली नाही, सकाळ केली. छत्राच्या दारात तीनशे यात्रेकरू उभे, कोठाराची किल्ली कुठे ते मेलेल्यालाच माहीत, आचारी पळालेला. शिपाई नाहीत, शाप नाही. फक्त भूक. तीनशे पानांना तांदूळ किती आणि डाळ किती, हे चौदा डावपेच जाणणाऱ्या त्या योद्ध्याला सांगता येईना. फासा वीस पडला, तरी भात करपला. त्याने खऱ्या आईला चेन्नईला फोन लावून डांगर पच्चडीचं प्रमाण विचारलं. आई म्हणाली, घरात कधी ताट उचललं नाहीस! हे उत्तर अण्णांनी वहीत घेतलं.

तीन बैठका नुसता स्वयंपाक झाल्यावर धाकट्या भाचीने, ती कायदा शिकते, पळवाट काढली. इतर ठिकाणचं पाप तीर्थक्षेत्रात धुतलं जातं, तीर्थक्षेत्रातलं काशीत, काशीतलं कुंभकोणमात, आणि कुंभकोणमातलं कुंभकोणमातच. ही तर गावाची जुनी हमी. महामहम तळ्यात तर गंगेसकट नऊ नद्या स्वतःवर साठलेली लोकांची पापं धुवायला येतात म्हणे. तर योद्धा तळ्यात एक बुडी मारणार आणि निघणार.

अण्णा प्रसन्न झाले. आपल्या गावाचा कायदा आपल्यावरच उलटवलेला त्यांना फार आवडतो. ‘‘मारू दे की,’’ म्हणाले, ‘‘पण महामहम बारा वर्षांनी येतं. गुरू सिंहेत हवा, तुमच्या नाशिकसारखाच. मागचं २०१६ ला झालं, पुढचं २०२८ ला. तोपर्यंत हप्ते.’’ पहिला हप्ता सावकाराचा, दुसरा थोरल्या मुलीच्या लग्नाचा. भाचीने विचारलं, मधल्या काळात योद्धा मेला तर? अण्णांनी वारस कोण ते लिहून घेतलं.

अण्णा निःपक्षपाती मात्र नाहीत. भाचीच्या चोरटीने राजाचा अख्खा खजिना लुटला, तेव्हा त्यांनी फक्त ‘नीट मोजून घे’ एवढंच सांगितलं. कारण ती चोरीआधी पहारेकऱ्याचं नाव विचारते, त्याच्या मुलाची परीक्षा कशी गेली तेही विचारते, आणि त्याला झोपवते ते औषध देऊन, तलवारीने नाही.

खेळ गेल्या सुट्टीतही झाला. बंगळूरकराला डोंगरातल्या राक्षसाकडे जायची घाई आहे. योद्धा छत्र सोडायला तयार नाही. त्याने तलवार विकून मोठी पितळी पातेली घेतली आहेत, भात आता करपत नाही आणि धाकटीसाठी स्थळं बघणं चालू आहे. राक्षसाचं काय, असं विचारलं तर अण्णा म्हणतात, २०२८ नंतर बघू.