तीस दिवसांत पंधरा किलो: वजन उतरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

पाली, ता. जि. बीड

वजन उतरवून देणारे साहेब यांस,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. ती मी जाणूनबुजून मोडते आहे. तुमच्याबद्दल प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही.

तुमचा फलक गावात झळकतोय: '३० दिवसांत १५ किलो वजन कमी. व्यायाम नाही, उपवास नाही, साइड इफेक्ट नाही.' ही जाहिरात लिहिताना तुम्ही एकदा तरी भागाकार करून पाहायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पंधरा किलोच्या झाल्या १,१५,५००. त्याला तीसनं भागा, रोजच्या येतात ३,८५०. घरचं आणि रानातलं काम ओढणारी आमच्याकडची बाई दिवसभरात खर्च करते साधारण दोन ते अडीच हजार कॅलरी. म्हणजे तिनं महिनाभर पाण्याशिवाय काहीही तोंडात घातलं नाही, तरी तुमचा हिशेब जुळत नाही. आणि तुम्ही तर म्हणता, उपवास नाही!

वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड नावाचं जे इंजेक्शन जगभर गाजतंय, त्याची १,९६१ लोकांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६८ आठवडे दर आठवड्याला सुई टोचून, सोबत आहार-व्यायामाचा सल्ला घेऊन, सरासरी घट झाली सुमारे १५ टक्के. शंभर किलोच्या माणसाचे पंधरा किलो, आणि तेही सव्वा वर्षाहून जास्त काळात. ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्याचे दुष्परिणाम माहितीपत्रकात छापावे लागतात. एवढ्या संशोधनाला जे जमलं नाही ते तुमचा चॉकलेटच्या चवीच्या पावडरीचा डबा महिन्यात करतो, असं तुम्ही लेकुरवाळ्या बायांना छातीठोकपणे सांगता. याला खोटेपणा म्हणतात.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, हे खरं आहे. तुमचा सगळा धंदा त्या एका आठवड्यावर उभा आहे. भात-भाकरी एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन संपतं. त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. काटा खाली येतो. बाई हरखते, शेजारणीला सांगते, शेजारीण दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात. मग घरात लग्न निघतं, सण येतो, बाई चार घास नीट जेवते आणि पाणी जागच्या जागी परत. तेव्हा तुम्ही म्हणता, 'ताई, तुम्हीच डाएट मोडलं.' वजन उतरलं तर तुमच्या पावडरीनं, चढलं तर बाईच्या जिभेनं. दोन्हीकडून तुमचंच खरं.

आता तुमच्या सेंटरवरच्या मशीनचं. आमच्या गल्लीतल्या एका सुनेबरोबर मी तुमच्या सेंटरवर आले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तिला चपला काढायला लावल्या, दोन्ही हातांत मशीनच्या मुठी दिल्या, वय-उंचीचे आकडे दाबले. पडद्यावर आलं: शरीराचं वय ४९. पोरगी एकतीस वर्षांची. तिथं बसलेल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, 'ताई, तुमचं शरीर सासूबाईंच्या वयाचं झालंय.' तिनं पदर पोटावर ओढून घेतला आणि पर्स उघडली.

ते मशीन काय करतं, हे तुम्ही तिला सांगितलं नाही. अंगातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतं, त्याला किती अडथळा झाला ते मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी कमी प्यायलं, नुकतंच जेवलं, उन्हातून चालत आलं, तरी आकडा हलतो. 'शरीराचं वय' हे तर मशीन बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं सूत्र. त्यावर कुठला डॉक्टर औषध लिहीत नाही. तुम्ही मात्र त्यावर बिल फाडता. फाडता म्हणजे तोंडी. कागद कुणाला मिळालेला नाही.

आणि ज्या गोष्टी विचारायच्या, त्यातली एकही तुम्ही विचारली नाहीत. बाळंतपणाला किती दिवस झाले? पाळी वेळेवर येते का? केस गळतात का, थंडी सोसत नाही का, सकाळी उठतानाच थकवा असतो का? हे सगळं तिला होत होतं. पुढं रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेलं निघालं. थायरॉईड. आता सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी घेते. गोळीनं ती सडपातळ झालेली नाही. थायरॉईडमुळं वाढलेलं वजन बहुतेक वेळा थोडंच असतं. पण तिच्या तोंडावरची सूज उतरली आणि ती दिवसभर उभी राहू शकते. तुमच्याकडे ती शेक पीत होती तेवढे दिवस हा आजार तसाच अंगात राहिला. हा माझा तुमच्यावरचा सगळ्यात मोठा राग आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी २३.४ टक्के जाड निघाल्या, २०.८ टक्के हडकुळ्या, आणि अंगात रक्त कमी असलेल्या तब्बल ५४ टक्के. जाड बाईच्या अंगातही रक्त कमी असू शकतं. तिला तुम्ही सांगता, ज्वारीची भाकरी बंद करा, डाळ-पालेभाजीच्या जागी दोन चमचे पावडर पाण्यात ढवळून प्या. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, जगभर ज्वारी-बाजरीचं कौतुक झालं, आणि बीड जिल्ह्यात येऊन तुम्ही भाकरीला शत्रू ठरवता! वजन झपाट्यानं उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, चरबीबरोबर स्नायूही झडतात. हे तुमच्या फलकावर कुठंही नाही.

पैशाचंही सांगते, कारण तुम्ही आमचा जिल्हा ओळखत नाही असं दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाला सुमारे ३६६ रुपये ठरले. तुमच्या एका महिन्याचे सात हजार. म्हणजे एका कोयत्यानं, नवरा-बायको दोघांनी मिळून, एकोणीस टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायचा. तोडीला जाणाऱ्या बाया तुमच्याकडे येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्यांच्या शिकलेल्या, शिलाई करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या लेकी-सुना येतात. त्यांच्या पर्समधल्या नोटांना त्याच उसाचा वास आहे. आणि पैसे संपले की तुमचं दुसरं बोलणं सुरू होतं: 'ताई, तीन मैत्रिणी जोडा, तुमचा डबा फुकट.' अशा साखळी योजना चालवायला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे.

तुम्ही म्हणाल, आमचं औषध नाही, हे अन्न आहे. तेही पाहू. औषध म्हणालात, तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव आहे. त्यावर औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अन्न म्हणालात, तर अन्नाच्या डब्यानं रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. तुमच्या डब्यावरही ते आहे, इंग्रजीत, बारीक. फलकावर मात्र शुगर, बीपी, गुडघेदुखी सगळं बरं होतं. आणि 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हटलं की कुणी काही विचारू नये, हे चालणार नाही. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतानं २०११ मध्ये बंद केलं, आणि नंतरही ते जगभरात 'हर्बल' पावडरींत मिसळलेलं सापडत राहिलं.

वजनाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत पन्नाशीच्या आत शुगर लागलेली माणसं आहेत. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हावं, २५ च्या वर लठ्ठपणा धरावा, असं डॉक्टर सांगतात. पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी शुगर-बीपीला फरक पडतो. पण ते आठवड्याला अर्धा-एक किलो अशा गतीनं. शेजारच्या लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवा आणि चाला असं सांगत महाराष्ट्र पालथा घातला. त्यांचं म्हणणं कुणाला पटलं, कुणाला नाही, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पद्धतीशी तुलना करत लोक घराघरांत भांडले. पण त्यांनी डबा विकला नाही. सुरू करण्याआधी रक्त तपासायला सांगितलं. पालीच्या बाईला बिंदुसरेच्या तलावाकडे चालायला पैसे पडत नाहीत, आणि उपकेंद्रात बीपी-शुगर फुकट तपासतात. तुमच्याकडे येण्याआधी बायांनी तिथं जावं, हे मी घरोघर सांगते आहे.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी कागदावर हव्या आहेत. गेल्या वर्षी तुमच्याकडे किती जणी आल्या, त्यातल्या किती जणींनी मध्येच सोडलं, आणि वर्षानंतर किती जणींचं वजन उतरलेलंच राहिलं? डब्यात काय काय, किती ग्रॅम? तुमचं शिक्षण काय, आणि बाईला त्रास झाला तर जबाबदार डॉक्टर कोण? चौथं, त्या सुनेकडे न फोडलेले दोन डबे पडून आहेत. त्यांचे पैसे परत, आणि आधीच्या डब्यांचं पक्कं बिल, त्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. आठ दिवसांत आलं नाही, तर फलकाचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, आणि बीडच्या ग्राहक आयोगात तक्रार करणार आहे. तिच्याबरोबर आणखी पाच जणी सही करायला तयार आहेत.

पालीची एक रहिवासी