गणपूर्तीविना मंजूर

सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबईची असो वा गोंदियाची, पाण्याची मोटर जळताच सचिवास जाब विचारणारा आवाज आणि फलकावरील थकबाकीदारांच्या यादीतले पहिले नाव बहुधा एकाच सदनिकेचे निघते. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यास लागणारी किमान उपस्थिती, अर्ध्या तासात न जमल्यास सभा तहकूब करून त्याच दिवशी पुन्हा भरविण्याची मुभा आदर्श उपविधी देतात. या दुसऱ्या सभेस गणपूर्तीची अटच नसल्याने चहा निवण्याआधी वर्षाचा हिशेब मंजूर होतो, आणि गैरहजर सभासद उरलेले वर्षभर जिन्यात त्यावर हरकती घेत राहतात. थकबाकीवर दरसाल 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारण्याची तरतूद 2014 च्या उपविधींत आहे. ते माफ करण्याच्या ठरावास मात्र गणपूर्ती हमखास होते.