उतरण्याचे तिकीट

डोंगरावर सायकल चढवण्याचे काम विजेच्या पाळण्याकडे सोपवावे आणि ती खाली आणण्याचे तेवढे माणसाने स्वतःकडे ठेवावे, या तत्त्वावर डाउनहिल बाइक पार्क चालतो. चढताना घाम गाळायचा आणि उतरताना वारा खायचा, ही सायकलवाल्यांची जुनी रीत. इथे चढताना वारा खातात, उतरताना घाम गाळतात आणि या उलट्या व्यवहारासाठी सकाळी रांगेत उभे राहून तिकीट काढतात.

अशा पार्कांमध्ये सर्वांत गाजलेला पार्क कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर व्हिस्लर या गावी आहे. गाव मुळात बर्फाचे. इथे १९६६पासून स्कीइंग चालते आणि २०१० सालच्या हिवाळी ऑलिंपिकच्या कितीतरी शर्यती याच डोंगरावर झाल्या. पण बर्फ वितळले की पाळणे रिकामे, हॉटेले रिकामी आणि डोंगर नुसता हिरवागार. हिरव्या डोंगराकडे पाहून कविता सुचणारे लोक वेगळे. पाळणेवाल्यांना त्यात सायकली दिसल्या. १९९९मध्ये इथला बाइक पार्क रीतसर सुरू झाला. आता मे ते ऑक्टोबर या काळात डोंगरावर सायकलवाले असतात आणि त्यांच्याआधीपासून राहत असलेली काळी अस्वले असतात. अस्वले उताराच्या कडेला गवत आणि पुढे बेरी खात बसतात. सायकली त्यांच्या सवयीच्या झाल्या आहेत. उलट बाजूने तसे म्हणता येत नाही.

डोंगराला व्हिस्लर हे नाव पडले ते मार्मोट नावाच्या एका गुबगुबीत, खारीच्या कुळातल्या प्राण्यावरून. धोका दिसला की तो लांबलचक शिट्टी मारतो. पार्क सुरू झाल्यापासून त्याला शिट्टी मारण्याचे प्रसंग पुष्कळ येत असावेत. शिखराची उंची २,१८२ मीटर आणि गाव सुमारे ६७५ मीटरवर. म्हणजे शिखरापासून गावापर्यंतचा उतार दीड हजार मीटरचा. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे. कळसूबाईच्या माथ्यावरून सुटून जवळजवळ समुद्राला जाऊन भिडावे, असे काहीसे हे प्रकरण आहे. सुदैवाने नवशिक्याला शिखरावर कोणी धाडत नाही. त्याचा दिवस पहिल्या पाळण्यापर्यंतच्या साडेतीनशे मीटरमध्येच संपतो, आणि तो त्याला पुरतो.

या खेळाचा उगम कॅलिफोर्नियातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर ऑक्टोबर १९७६मध्ये काही तरुणांनी जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडायच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना उलटे पॅडल मारले की लागणारा ब्रेक असे. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे, की त्याच्या आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी मागचा हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरणे, म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’, हेच त्या रस्त्याचे आणि शर्यतीचे नाव पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी त्यात होती. एखाद्या खेळाचे पहिले नाव त्यात जळालेल्या वंगणावरून पडावे, यात खेळाचा स्वभाव पुरेसा कळतो.

पार्कातली सकाळ मात्र डोंगरावर न जाता काउंटरवर जाते. एके काळी पुण्यात तासाच्या भाड्याने सायकल घ्यायची, तर दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई आणि हवा कमी असल्याची तक्रार ऐकून न ऐकल्यासारखे करी. येथे गिऱ्हाइकाला आधी एक लांबलचक कागद वाचून सही करावी लागते. पडणे, आपटणे, झाडावर आदळणे, दुसऱ्याने येऊन आपल्यावर आदळणे, हवामान, दगड, मुळे, जनावरे, या सगळ्यांची जबाबदारी सही करणाऱ्याची. कागद मन लावून वाचणारा माणूस सायकल घेणार नाही आणि सायकल घेणारा कागद वाचत नाही, त्यामुळे दोन्ही पक्षांचे छान जमते.

मग चिलखत चढते. हनुवटी झाकणारे हेल्मेट, त्यावर गॉगल, छातीपाठीला पत्रावळीएवढे कवच, कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड, हातमोजे. पोशाख पूर्ण झाल्यावर माणूस पानिपतावर निघाल्यासारखा दिसतो आणि त्याच क्षणी त्याला लघवीला लागते.

सायकलीचे वजन १६-१७ किलो, किंमत आपल्याकडच्या बऱ्या मोटारसायकलीपेक्षा जास्त, आणि तिला ना कॅरिअर, ना स्टँड, ना घंटी. पुढचे-मागचे शॉकअब्सॉर्बर सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे वीतभर दबतात. टायरला ट्रॅक्टरसारखे खुंट. सीट असते, पण इतकी खाली बसवलेली, की तिच्यावर बसले तर गुडघे कानांशी येतात. ती बसण्यासाठी नाहीच. स्वार दोन्ही पॅडल आडवी ठेवून त्यांवर उभा राहतो, टाचा खाली दाबतो, कोपरे बाहेर काढतो आणि कंबर मागे नेतो. खुर्ची नसलेल्या खुर्चीत बसण्याची शिक्षा मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीच इथे दगडधोंड्यांवरून धावत, मास्तरांशिवाय भोगायची असते.

पाळण्यापाशी पहिली परीक्षा. पाळणा थांबत नाही. तो हळू होतो, एवढीच त्याची सवलत. तेवढ्यात सायकल खोबणीत अडकवायची आणि पाळणा मागून गुडघ्यावर येऊन आपटण्याच्या आत त्यात बसायचे. तिथला कर्मचारी हे काम दिवसभर शांतपणे करत असतो आणि धांदल करणाऱ्याची सायकल त्याच्या हातातून इतक्या सौजन्याने काढून घेतो, की तीत अपमान आहे की मदत, हे वर पोहोचेपर्यंत ठरत नाही. पाळण्यातून पायांखाली उतार दिसतो. लोक पडताना दिसतात. पाहणाऱ्याला त्यांचे हसू येते, कारण पाळणा अजून वर चाललेला असतो.

वर पाट्या असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपे, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळी चौकट म्हणजे अवघड, दोन काळ्या चौकटी म्हणजे घरी कळवून ठेवावे. ही पद्धत स्कीइंगकडून आली. पत्ते खेळणाऱ्या समाजाला चौकट लाल हवी, काळी चौकट पाहूनच काहीतरी अशुभ वाटते, आणि ते वाटणे बरोबर असते. वाटांची नावेही बोलकी आहेत. नवशिक्यासाठी ‘ईझी डझ इट’, म्हणजे ‘सावकाश घ्या’. पुढे ‘ओरिजिनल सिन’ म्हणजे मूळ पाप, ‘नो जोक’ म्हणजे थट्टा नव्हे आणि ‘अँग्री पायरेट’ म्हणजे खवळलेला चाचा. ‘बी-लाइन’ निळी आणि ‘ए-लाइन’ काळी. पहिला नंबर नेहमी चांगलाच असतो, या समजुतीत वाढलेल्यांनी हा फरक पाठ करून ठेवावा.

आता ब्रेक. या खेळात सगळे ज्ञान शेवटी ब्रेकपाशी येऊन थांबते, नवशिका मात्र थांबत नाही. घाटात गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि ब्रेक जपून वापरावा, हे कसारा घाटातला प्रत्येक ट्रकवाला जाणतो. पार्कातला गुरूही तेच सांगतो: वळणाआधी ब्रेक, वळणात सोडून द्यायचा, दोन्ही हातांचे एकेकच बोट वापरायचे. पण भारतातून गेलेल्या माणसाच्या वाटेत एक खास खोडा आहे. आपल्याकडच्या सायकलीत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. उत्तर अमेरिकेत तो डाव्या हाताला. लहानपणी दांड्याखालून पाय घालून सायकल शिकल्यापासून जो हात ‘मागचा, म्हणजे सुरक्षित’ म्हणून ओळखीचा, तोच इथे फितूर होतो. उतारावर वजन पुढे सरकलेले असते आणि थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच चाकात असते. अशा वेळी घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला, की पुढचे चाक जागेवर थांबते, सायकलही थांबते, आणि थांबण्याचा निर्णय स्वाराला सगळ्यांत शेवटी कळतो. तो हँडलवरून पुढे जातो. या प्रकाराला तिथे ‘ओटीबी’ असे आद्याक्षरी नाव आहे. इतके नेहमीचे आहे, की पूर्ण शब्द उच्चारायला कोणाला वेळ नसतो. असे पडल्याने या खेळात कॉलरबोन मोडण्याचे प्रमाण मोठे आहे. मात्र नवशिक्याचा पहिला ओटीबी बहुधा हिरव्या वाटेवर, चालण्याच्या वेगाने आणि अस्वलासमोर होतो, आणि त्यात कपड्यांपलीकडे फारसे काही फाटत नाही.

दुसऱ्या फेरीला डोळ्यांना वाट दिसू लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीची कललेली भिंत असते, तिला बर्म म्हणतात. सर्कशीतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल ज्या नियमाने भिंतीला चिकटून राहते, तोच नियम इथे सौम्य रूपात लागू असतो: वेग असेल तर भिंत धरून ठेवते. वेग नसेल, तर माणूस भिंतीवरून पाल घसरावी तसा खाली येतो. म्हणजे भिणाऱ्यालाच शिक्षा. टेबलटॉप नावाची उडी अधिक दयाळू आहे. वर चढण, मधे सपाटी, पुढे उतरण. उडी अपुरी पडली तर सपाटीवर येतो, खड्ड्यात नाही. नजर कुठे ठेवावी, याला मात्र इलाज नाही. ज्या झाडाकडे पाहावे, सायकल त्याच झाडाकडे जाते. म्हणून झाडांनी भरलेल्या जंगलात झाड सोडून दुसरीकडे पाहायचे, अशी ही विद्या आहे.

इतक्या दमणुकीमागचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्वार, सायकल आणि चिलखत मिळून ९० किलो धरले, तर साडेतीनशे मीटर खाली येताना गुरुत्वाकर्षणाने दिलेली ऊर्जा सुमारे ७४ किलोकॅलरी भरते. एका पोळीच्या पाऊण भागाइतकी. ती जवळजवळ सगळी ब्रेक, टायर आणि माती यांना तापवण्यात जाते. खाली आल्याबरोबर ब्रेकच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला तर फोडणीसारखा चर्र आवाज यावा. सायकलीने फुकट घेतलेली पाऊण पोळी आणि स्वाराला दुपारी हव्या असलेल्या सहा पोळ्या, यांतला फरक मांड्यांत आणि मनगटाच्या वरच्या स्नायूंत शोधावा लागतो. तासन्‌तास हँडल आवळल्याने हे स्नायू दगड होतात. मग बोटे ब्रेक दाबत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, दाबलेली असली तर सुटत नाहीत.

दुपारी सगळे गावातल्या पायथ्याशी जमतात. तिथली खाण्याची ठिकाणे पार्काच्या शेवटच्या उड्यांसमोर आहेत. कॉफी पीत लोकांचे पडणे पाहावे, अशी सोय हेतुपूर्वक केलेली दिसते. उन्हाळ्यात येथे क्रँकवर्क्स हा महोत्सव भरतो. तो २००४पासून चालू आहे, आणि त्यात उलट्या कोलांट्या मारणारे खेळाडू जगभरातून येतात. इतर दिवशी बघ्यांमध्ये व्हँकुव्हरला मुलाकडे आलेले मराठी आईवडीलही असतात. आईंना प्रश्न पडतो, की सीट आहे तर ही पोरे बसत का नाहीत. वडिलांचा प्रश्न अधिक मूलभूत असतो: वरून खालीच यायचे होते, तर वर कशाला गेले? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलगा देतो. पैकी एकही पटत नाही. तेवढ्यात चिखलाने माखलेली आठ वर्षांची एक मुलगी त्यांच्यासमोर उडी मारून थांबते, धूळ उडाल्याबद्दल ‘सॉरी’ म्हणते आणि पुन्हा पाळण्याकडे जाते. यावर आई काही बोलत नाहीत. डब्यातले थालीपीठ मुलाला आणखी एक वाढतात.

दुपारनंतरचा काळ धोक्याचा, कारण तोपर्यंत थोडे जमू लागलेले असते. नवशिका निळ्या वाटेवर जातो, मातीविषयी मते देऊ लागतो. मातीचेही प्रकार आहेत. बरेच दिवस पाऊस नसला, की वाट पिठासारखी भुरभुरीत होते आणि पुढच्या सायकलीची धूळ मागच्याच्या दातांत जाते. मुसळधार पावसात झाडांची मुळे तेल लावल्यासारखी होतात. या दोहोंच्या मधे, सर पडून गेल्यावर, टायर रुतेल इतकी ओली आणि घसरणार नाही इतकी कोरडी माती मिळते. तिला ‘हीरो डर्ट’ म्हणतात, कारण तिच्यावर कोणीही हीरो होतो. अशा मातीचा दिवस कायम काल असतो. काळ्या चौकटीच्या ए-लाइनच्या तोंडाशी उभे राहून, एकामागून एक हवेत जाणारी मंडळी पाहून, ‘आज माती बरोबर नाही’ असे म्हणून परत फिरता येते, हा या ज्ञानाचा मोठा उपयोग आहे.

संध्याकाळी शेवटची फेरी असते, पण तिला शेवटची म्हणायचे नाही. शेवटची म्हटले की त्याच फेरीत पडायला होते, अशी इथल्या सायकलवाल्यांची पक्की श्रद्धा आहे. ‘अजून एक’ म्हणायचे आणि निमूट निघायचे. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्याला या नियमाची सवय लावावी लागत नाही. पार्कातला हा एकच धडा तो घरून शिकून आलेला असतो.

त्यानंतर सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन परत करायची. दुकानातला माणूस चाक फिरवून आऊट गेले आहे का पाहतो, पुढचा ब्रेक दाबून पाहतो आणि काही न विचारता स्वाराच्या कोपराकडे बघतो. चिलखत उतरवले, की आत दिवसभर कोंडलेला वास मोकळा होतो. पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत नाही. जेवताना चमचा धरवत नाही. हाताने जेवणाऱ्यांचे थोडे सोपे, तरी घास तोंडापर्यंत न्यावा लागतोच.

परतीचा रस्ता व्हँकुव्हरपर्यंत डोंगर आणि खाडी यांच्यामधून वळणे घेत उतरतो. देखावा जगात नावाजलेला आहे. गाडी दुसराच कोणीतरी चालवत असतो, आणि मागच्या सीटवर अर्धवट झोपलेला माणूस प्रत्येक वळणाआधी टाचा खाली दाबतो. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट हळूच आखडते आणि लगेच, चूक लक्षात आल्यासारखे, सरळ होते.